चुलवणाचं काँक्रीट हंगामात ठणठणीत, पावसाळ्यात फुगतंय. काय भानगड आहे?

कोयनाकाठ
राम राम मंडळी. कराडच्या खाली नदीकडंला गुऱ्हाळ आहे आमचं, आज्ज्याच्या काळापासनं. पूर्वीचं चुलवण, म्हणजे काहिलीखालची रस आटवायची भट्टी, दगडमातीचं होतं, दर साली लिंपायला लागायचं म्हणून मागं नवीन बांधताना काहिलीखालची गोल भिंत आणि जाळ घालायचं तोंड सरळ सळई बांधून काँक्रीटमध्ये ओतलं, एम२५, खडी आपलीच काळी, वरनं पाणी पण व्यवस्थित मारलं होतं.

आता गंमत बघा, पूर्ण हंगाम चिपाडाचा जाळ चालू असतो तेव्हा काय होत नाही, बारीक केसासारख्या चिरा सोडल्या तर भिंत टणक. मार्चला गुऱ्हाळ बंद, मे पर्यंत तसंच. जून-जुलैला ओल चढली की मात्र आतली बाजू फुगायला लागते, पापुद्रे सुटतात, चिरेत पाच रुपयाचं नाणं जाईल एवढी फट पडते आणि खाली पांढरी भुकटी साचते. जाळानं खराब व्हायचं तर जाळ चालू असताना व्हायला पायजे ना, बंद असताना का होतंय? गवंडी म्हणतो सिमेंट डुप्लिकेट होतं. गूळ शिजवणारा गुळव्या म्हणतो मातीचंच बरं होतं. कुणाला अनुभव असला तर सांगा.

खटाव_एक्सप्रेस
गवंडी बरोबर बोलतोय. डुप्लिकेट सिमेंट शंभर टक्के. आमच्याकडं एकाच्या गोठ्याचा कोबा असाच उकलला होता. दुकानदाराला धरा.

साइटवरचा_सांगलीकर
थांबा ओ, दुकानदाराला धरायच्या आधी दोन गोष्टी सांगा. फुगतंय ती बाजू जाळाकडची का बाहेरची? आणि त्याच मिक्समधलं दुसरीकडं कुठं काँक्रीट वापरलंय का, तिथं काय परिस्थिती?

कोयनाकाठ
सगळं जाळाकडंच. आतनं साधारण वीतभर आत पर्यंत पोकळ वाजतंय, बाहेरनं हातोडा मारला तर खणखणीत. त्याच दिवशी उरलेल्या मालात रसाच्या टाकीचा ओटा केला होता, त्याला काय सुद्धा झालं नाही.

साइटवरचा_सांगलीकर
मग सिमेंटवर बिल फाडू नका, तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. ओटा चांगला, बाहेरची बाजू चांगली, म्हणजे माल चांगला होता.

कसं होतं बघा. सिमेंट पाण्याशी खेळतं तेव्हा त्यातनं दोन मुख्य गोष्टी तयार होतात, एक चिकट जेल, ज्यामुळं ताकद येते, आणि दुसरं कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे साधा विरलेला चुना. प्रत्येक काँक्रीटमध्ये हा चुना असतोच, वाईट काय नाही, उलट सळईला गंज लागू देत नाही. आता ह्याला तापवत नेलं तर १०० डिग्रीच्या आसपास मोकळं पाणी उडून जातं, ३०० च्या पुढं ताकद उतरायला लागते, आणि ४०० ते ५०० च्या दरम्यान हा विरलेला चुना आपलं पाणी सोडतो आणि कळीचा चुना होतो. चुलवणात जाळाला भिडलेली बाजू ५०० च्या पुढं सहज जाते. म्हणजे तुम्ही हंगामभर भिंतीच्या आत बारीक बारीक कणांत चुन्याची भट्टीच लावलीय.

तोपर्यंत भिंत उभीच असते, कारण कळीचा चुना कोरडा असताना शांत असतो, आणि पाणी गेलेलं असल्यामुळं जागा उलट कमीच घेतो. पावसाळ्यात ओल आत गेली की तो परत विरतो. कळीच्या चुन्याचा विरलेला चुना होताना घन भाग आकारमानानं जवळपास दुप्पट होतो, आणि हे सगळं घट्ट झालेल्या काँक्रीटच्या पोटात चाललेलं असतं, जागा कुठनं मिळणार, म्हणून तो आजूबाजूचं फोडत बाहेर येतो. पापुद्रे, फटा, पांढरी भुकटी, सगळं ह्यातच आलं. म्हणून बिघाड हंगामात होतो आणि दिसतो जुलैला.

रसायनवाली
दादांनी छान सांगितलंय, मी फक्त एक घरगुती टेस्ट देते, मिरजेत कॉलेजला शिकवते आणि पोरांना पण हीच करून दाखवते. सांगलीत राहून ह्यासाठी बाजारातनं केमिकल आणायची गरज नाही. हळद पाण्यात कालवा, फट उघडून आतली ताजी पांढरी भुकटी त्यात टाका. लाल झाली म्हणजे चुना आहे, कुंकू पूर्वी असंच करायचे की. वरवरची जुनी भुकटी घेऊ नका, ती हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खडूसारखी झालेली असते, तिनं हळद पिवळीच राहील आणि तुम्ही म्हणाल ताई खोटं बोलल्या 😄

कोयनाकाठ
ताई केली टेस्ट. वरची भुकटी पिवळीच, पण टोचा मारून आतनं काढलेली टाकली तर रक्तासारखी लाल. आमचा गुळव्या बघतच राहिला.

खटाव_एक्सप्रेस
मानलं. पण मग एक सांगा, आमच्या माणदेशात एप्रिल-मेमध्ये स्लॅबवर पाय ठेवता येत नाही, आणि पुन्हा पाऊस पडतोच की, कमी का होईना. मग सगळ्या सातारा जिल्ह्याचे स्लॅब फुगून फुटायला पायजे होते.

साइटवरचा_सांगलीकर
भारी प्रश्न. उन्हानं स्लॅबचा वरचा थर साठच्या आसपास जाईल, अगदी काळा पडलेला असेल तर थोडा जास्त. चुना फुटायला ४०० लागतात, उन्हाची तेवढी औकात नाही. उन्हाचा त्रास वेगळा, ताजं काँक्रीट असताना वरचं पाणी भराभर उडतं आणि ओलेपणीच चिरा पडतात, आणि नंतर दिवसा-रात्रीच्या तापमानानं स्लॅब लांब-आखूड होतो त्याला जॉइंट नसला तर पॅरापेट ढकलतो. आतनं फुगायची गोष्ट त्यात नाही.

तिसरी_पाळी
मी हा धागा गुऱ्हाळाचा म्हणून उघडला आणि आता झोप उडालीय. एका साखर कारखान्यात आहे, नाव सांगत नाही. आमच्याकडं वाळवा साइडला काय, कराड साइडला काय, सगळीकडं हीच पद्धत, गाळप मार्चला संपतं आणि जे काय नवीन बांधकाम असतं ते एप्रिल-मेच्या भर उन्हाळ्यात, कारण दसऱ्याच्या आगंमागं बॉयलर अग्निप्रदीपन ठरलेलं असतं, तारीख हलत नाही.

तसाच एक टर्बाइनचा फाउंडेशन ब्लॉक ओतला होता, दोन मीटरच्या वर जाड. ५३ ग्रेड ओपीसी, म्हणजे राख-स्लॅग नसलेलं साधं सिमेंट, क्युबिक मीटरला ४२० किलो, दुपारी ट्रान्झिट मिक्सर आले तेव्हा माल हाताला गरम लागत होता. नमुन्याचे ठोकळे दाबून बघतात त्या क्यूब टेस्ट सगळ्या पास, उलट ताकद जास्तच आली, सगळे खूश. काही वर्षांनी ब्लॉकवर नकाशासारख्या चिरा उठल्या, कडेनं जिथं कूलिंग वॉटरची लाइन गळते तिथं जास्त, आणि मशीनचं अलाइनमेंट दर हंगामाला हलतंय. ब्लॉकजवळ जाळ नाही, आग नाही, काही नाही. तुमच्या चुन्याची थिअरी इथं बसत नाही ना?

साइटवरचा_सांगलीकर
चुन्याची नाही बसत. पण उष्णता इथं पण आहे, फक्त ती बाहेरनं आलेली नाही, सिमेंटनं स्वतः तयार केलेली आहे.

हिशोब करू. जाड ब्लॉकच्या पोटातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, त्यामुळं ढोबळमानानं १०० किलो सिमेंटमागं १२ डिग्री धरा. ४२० किलो म्हणजे पन्नासेक डिग्री वाढ. माल ओतताना ३६ डिग्री असला तर पोटात ८५ च्या पुढं. भारतीय मानक आयएस ७८६१ मध्ये उन्हाळी काँक्रीटिंगला ४० डिग्रीची मर्यादा सांगितलीय, ती ओततानाच्या तापमानाची. ती पाळूनसुद्धा तुम्ही ८५-९० ला जाऊ शकता, ही मेख कुणी लक्षात घेत नाही. क्यूबचं म्हणाल तर ते १५ सेंटिमीटरचे, पाण्याच्या टाकीत गारेगार बसलेले, त्यांना ब्लॉकच्या पोटात काय चाललंय हे कुठनं कळणार.

आता ७० डिग्रीचा आकडा लक्षात ठेवा. सिमेंट घट्ट व्हायला लागलं की जिप्सम आणि अ‍ॅल्युमिनेट मिळून एट्रिंजाइट नावाचे सुईसारखे स्फटिक होतात. सगळ्या चांगल्या काँक्रीटमध्ये पहिल्या काही तासांत होतात, तेव्हा माल ओलाच असतो म्हणून कुणाला त्रास नाही. पण त्या वेळी पोटात ७० च्या वर तापमान गेलं तर हे स्फटिक टिकत नाहीत, मोडतात, आणि त्यातलं सल्फेट त्या चिकट जेलमध्ये अडकून बसतं. पुढं काँक्रीट थंड होतं, घट्ट होतं, मशीन बसतं, हारतुरे होतात. मग महिन्यांनी किंवा वर्षांनी ओल मिळाली की ते सल्फेट हळूहळू सुटतं आणि एट्रिंजाइट परत तयार होतं, पण आता दगडासारख्या घट्ट झालेल्या मालात. इंग्रजीत डिलेड एट्रिंजाइट फॉर्मेशन, सगळे डीईएफ म्हणतात.

रसायनवाली
एट्रिंजाइटच्या एका रेणूत पाण्याचे ३२ रेणू असतात, त्यामुळं पाण्याशिवाय ते बनूच शकत नाही, आणि बनलं की भरपूर जागा खातं. म्हणून तिसरी_पाळी दादा, गळक्या लाइनच्या कडेला चिरा जास्त दिसतायत ह्यात मला आश्चर्य वाटत नाही.

तिसरी_पाळी
म्हणजे ओतल्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसात जे काय व्हायचं ते होऊन गेलेलं होतं?

साइटवरचा_सांगलीकर
बी पडलेलं होतं असं म्हणा. तापमान जास्त, ते बराच वेळ टिकणं, सिमेंटमध्ये सल्फेट आणि अ‍ॅल्युमिनेट भरपूर, आणि नंतर पाणी. ह्यातलं एक जरी नसलं तर फुगणं होत नाही किंवा नगण्य होतं. आणि फक्त सुरुवातीलाच असं काय नाही, घट्ट झालेलं काँक्रीट नंतर बराच काळ ७० च्या वर ठेवलं, म्हणजे वाफेच्या लाइनला चिकटून वगैरे, आणि मग ओलं झालं तरी हे होऊ शकतं. तुमच्याकडं बॉयलर हाऊसमध्ये वाफ गळतीच्या जागा बघून ठेवा.

जगात हे पहिल्यांदा गाजलं ते रेल्वेच्या स्लीपरमुळं. १९८० च्या दशकात जर्मनी, फिनलंडमध्ये वाफेवर पिकवलेले काँक्रीट स्लीपर काही वर्षांनी तडकायला लागले. साचा लवकर मोकळा व्हावा म्हणून वाफ जास्त द्यायची, सकाळी ताकद मस्त, पुढं भोग. फ्रान्सवाल्यांनी पुलांचे जाड भाग असेच फुगलेले बघून २००७ ला शिफारशीच काढल्या, बांधकाम किती महत्त्वाचं आणि किती ओलं राहणार त्यावरनं पोटातल्या कमाल तापमानाची मर्यादा ८५ पासनं खाली ६५ पर्यंत.

घाटमाथा
मध्ये बोलतो माफ करा. मी पाटणचा. कोयना धरणाच्या भेगा पण ह्यातल्याच का? लहानपणापासनं ऐकत आलोय की धरणाला चिरा होत्या.

साइटवरचा_सांगलीकर
नाही, ते पूर्ण वेगळं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरण हललं आणि वरच्या भागात, जिथं मागच्या बाजूचा उतार बदलतो त्या उंचीला, आडव्या भेगा पडल्या. नंतर मागनं काँक्रीटचे आधार देऊन ते मजबूत केलं. फुगण्याचा संबंध नाही.

फुगलेल्या धरणांची भारतातली नावं घ्यायची तर हिराकूड आणि रिहंद. रिहंदला तर पॉवर हाऊसमधली मशीनं जागची हलली होती. पण ते सल्फेटमुळं नाही, खडीमुळं. काही खडीतली सिलिका सिमेंटच्या अल्कलीशी प्रक्रिया करते, जेल बनतं, ते पाणी पिऊन फुगतं. १९४० मध्ये कॅलिफोर्नियात हे पहिल्यांदा उजेडात आलं. ह्याला पण उष्णता आवडते. म्हणून तर लॅबवाले खडी तपासताना मोर्टारच्या पट्ट्या ८० डिग्रीच्या कॉस्टिक सोड्यात १४ दिवस ठेवतात, जे साइटवर वर्षानुवर्षं लागतं ते पंधरवड्यात दिसावं म्हणून. ०.१० टक्क्याच्या आत वाढ तर ठीक, ०.२० च्या वर तर धोका.

घाटमाथा
मग आपली काळी खडी कशी? इथं सगळा सह्याद्री बेसॉल्टचाच.

साइटवरचा_सांगलीकर
घट्ट काळा पाषाण असेल तर सहसा अडचण नसते, पिढ्यानपिढ्या वापरतोय. सांभाळायचं ते मांजऱ्या दगडाला, म्हणजे ज्यात बारीक भोकं असतात आणि भोकांत पांढरं-करडं भरलेलं असतं. त्यात गारेच्या जातीचं काही असतं, कॅल्सिडनी म्हणतात, ते आणि काचेसारखा भाग प्रक्रिया करू शकतो. खाणीत थर बदलला की खडी बदलते, क्रशरवाला तुम्हाला सांगायला येणार नाही, आणि मोठ्या कामाला एकदाच टेस्ट करून दहा वर्षं तोच रिपोर्ट फिरवणारे ठेकेदार मी बघितलेत.

तिसरी_पाळी
मग आमच्या ब्लॉकला डीईएफ का खडी हे कळणार कसं? कन्सल्टंटनं बाहेरनं बघून 'श्रिंकेज क्रॅक' लिहून दिलं आणि इपॉक्सी भरायचं एस्टिमेट लावलं. भरलं पण. दोन हंगामात बाजूला नवीन चिरा.

साइटवरचा_सांगलीकर
बाहेरनं बघून कुणाच्या बापाला कळत नाही, दोन्हीच्या चिरा नकाशासारख्याच. कोअर काढा, म्हणजे ड्रिलनं काँक्रीटचा गोल नमुना, तो कापून घासून मायक्रोस्कोपखाली बघायला लावा, पेट्रोग्राफी म्हणतात. खडीचा दोष असेल तर चिरा खडीच्या आरपार जातात, कडेला काळपट कड आणि जेल दिसतं. डीईएफ असेल तर खडी साबूत आणि तिच्या सभोवती रिकामी फट, फटीत पांढरे सुयांचे स्फटिक. फट का पडते? बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना तापवतात, धाव मोठी झाली की आतलं भोक पण मोठं होतं, तसं खडीभोवतीचा सिमेंटचा भाग सगळीकडनं सारखा फुगला की खडीची खोबण मोठी होते, खडी आहे तेवढीच राहते. म्हणून मोठ्या खडीभोवती फट पण मोठी. हे एकदा बघितलं की विसरत नाही.

एक सांगतो, फटीत एट्रिंजाइट दिसलं म्हणजे लगेच डीईएफ म्हणू नका, जुन्या ओल्या काँक्रीटच्या पोकळ्यांत ते असंच येऊन बसतं, त्यानं काही बिघडत नाही. खडीभोवतीची फट, सुरुवातीचं तापमान आणि ओल, तिन्ही जुळलं तर बोलायचं. कोअर एक ब्लॉकच्या मधल्या गाभ्यातनं काढा आणि एक कडेनं, कारण गाभा जास्त तापला होता. पोरिंगच्या वेळचं रजिस्टर असेल तर तेही काढा, किती वाजता, सिमेंट किती, मालाचं तापमान कुणी लिहून ठेवलंय का.

खटाव_एक्सप्रेस
मालाचं तापमान लिहून ठेवणारा सातारा-सांगलीत कोण सापडला तर त्याचा सत्कार करू.

तिसरी_पाळी
रजिस्टर आहे, पण त्यात वेळ आणि गाडी नंबर एवढंच. तापमानाचा रकाना कोराच. बरं, डीईएफ निघालं तर उपाय काय? पाडून परत ओतायचं म्हटलं तर चेअरमन मला पाडतील.

साइटवरचा_सांगलीकर
झालेलं सल्फेट परत बांधता येत नाही, त्यामुळं चिरा भरणं हा उपाय नाही, ती डागडुजी. पहिलं पाणी तोडा. गळकी लाइन, धुण्याचं पाणी, खालनं चढणारी ओल, सगळं. ब्लॉकच्या भोवती गटार काढून पाणी लांब न्या. वरनं सिलेनसारखं पाणी झटकणारं कोटिंग चालेल, पण आधी ब्लॉक कोरडा होऊ द्या, नाहीतर ओल आत कोंडून ठेवाल. फुगणं थांबलंय का चालू आहे हे कळायला चिरांवर टेलटेल (चीर वाढली की दाखवणारी पट्टी) किंवा पिना लावून दोन पावसाळे मोजा, मग ठरवा.

आणि पुढच्या वेळी ओताल तेव्हा सरळ ओपीसी नको. फ्लाय अ‍ॅशचं पीपीसी किंवा स्लॅगचं, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं, सिमेंट घ्या. पीपीसीत १५ ते ३५ टक्के राख असते, स्लॅगच्यात २५ ते ७० टक्के स्लॅग. एकतर उष्णता कमी आणि हळू निघते, दुसरं म्हणजे हे दोन्ही फुगणं दाबून ठेवतात, डीईएफचं पण आणि खडीचं पण. ताकद उशिरा येते, तेवढं मशीन बसवायचं वेळापत्रक सांभाळायला लागेल. रात्री ओता, पाण्याच्या जागी बर्फ टाका, खडीवर सावली करा, पोटात तापमान मोजायला थर्मोकपल टाका. गाभा आणि वरचा थर ह्यात २० डिग्रीपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका. ह्यासाठी वरनं गार पाणी ओतत बसू नका, उलट झाकून ठेवा, वरचं गार आणि आतलं गरम झालं की चिरा तिथंच पडतात.

कोयनाकाठ
दादा माझं चुलवण विसरलात काय 😀 ह्या वर्षी परत काँक्रीट केलं तर परत तेच होणार ना? आणि पावसाळ्यात ताडपत्री टाकून झाकलं तर?

साइटवरचा_सांगलीकर
विसरलो नाही. ताडपत्रीनं वर्षभर ढकलेल, पण चुना हवेतली ओल पण घेतो, त्यामुळं पूर्ण सुटका नाही. आतली पोकळ बाजू पूर्ण उतरवा, खणखणीत लागेपर्यंत. सळई उघडी पडली तर बघून घ्या, लाल-काळी पडून मऊ झालेली असेल तर बदला, ५००-६०० ला सळईची निम्मी ताकद जाते, गार झाल्यावर बरीच परत येते पण भरवसा ठेवू नका.

मग जाळाच्या बाजूला फायर ब्रिक, फायर क्लेमध्ये बसवून, आणि मागं जुनी काँक्रीटची भिंत फक्त आधाराला. फायर ब्रिक आणि काँक्रीटच्या मध्ये दोन बोटं राखेची किंवा वाळूची भर ठेवा, म्हणजे ब्रिकला पसरायला जागा राहते आणि काँक्रीटपर्यंत ताप कमी जातो. तोंडाशी गोल आकार पायजे म्हणून ओतायचंच असेल तर साधं सिमेंट नाही, हाय अ‍ॅल्युमिना सिमेंटचं कॅस्टेबल, म्हणजे जाळ सोसणारा ओतायचा माल, मिळतं गोणीत. त्यात हा विरलेला चुना तयारच होत नाही, मग परत फुगायचा प्रश्न नाही. महाग आहे, म्हणून तोंडापुरतंच वापरा.

रसायनवाली
आणि तुमच्या गुळव्याचं म्हणणं पण खरं बरं का, मातीत आणि विटेत सिमेंटसारखा चुना नसतो, त्यामुळं ती भाजली की उलट पक्की होते आणि पावसानं फुगत नाही, फक्त झिजते.

कोयनाकाठ
त्याला वाचून दाखवलं. आता दोन दिवस माझ्याशी मालकासारखा बोलतोय. कॅस्टेबलचा पहिला जाळ कसा द्यायचा? दसऱ्यानंतर लगेच चालू करायचा विचार आहे.

साइटवरचा_सांगलीकर
लगेच मोठा जाळ दिला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ढपले उडतील, अंगावर पण येतील, आवाजासकट. ओतल्यावर एक दिवस ओलं झाकून ठेवा, मग उघडं वाळवा, मग पहिल्या दिवशी नुसता लाकडाचा बारीक विस्तव, हात जवळ धरवेल एवढाच, दुसऱ्या दिवशी थोडा जास्त, असं चढवत न्या. गोणीवर कंपनीनं तापमानाचा तक्ता दिलेला असतो तो पाळा. जाळ घालणाऱ्या जळव्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो पहिल्याच दिवशी चिपाडाचा भारा कोंबेल.

तिसरी_पाळी
कोअरचं ठरलं. गाभ्यातला एक, गळक्या कडेचा एक, आणि एक जिथं चिरा नाहीत तिथला. कूलिंग लाइनचा गॅस्केट आजच बदलून घेतला. रिपोर्ट आला की इथंच टाकतो.